ट्रकात न मावणारं

शहर बदलायचं ठरलं की आपल्याकडे पहिली चौकशी भाड्याची होते, दुसरी पाण्याची आणि तिसरी शाळेच्या फीची. मग दूध, भाजी, गॅस, पेट्रोल अशी यादी वाढत जाते. बँकेच्या नोकरीमुळे मी कोल्हापूर, नागपूर, मुंबई, पुणे असं सगळीकडे बिऱ्हाड मांडलं, उचललं, पुन्हा मांडलं. त्यामुळे नात्यागोत्यातलं कुणी बाहेरगावी निघालं की यादी घेऊन माझ्याकडे येतं. मला ते आवडतं. घरखर्चाचा कागद फार खरा असतो. माणूस कशाला खर्च समजतो आणि कशाला समजत नाही, हे त्यावर स्वच्छ दिसतं.

या फिरस्तीत मी एक ठोकताळा धरून ठेवला. जे ट्रकात चढवता येतं त्याची किंमत गावोगाव जवळपास सारखीच असते. मिठाची पिशवी, साबणाची वडी, बिस्किटाचा पुडा यांवर छापलेली किंमत कोल्हापुरात आणि मुंबईत एकच असते. चौदा किलो दोनशे ग्रॅमच्या गॅस सिलिंडरच्या दरात शहरागणिक थोडेफार रुपये इकडेतिकडे होतात, तेवढंच. मोबाइलच्या रिचार्जला तर शहर माहीतच नसतं. कोल्हापूरचं दूध टँकरमधून रातोरात मुंबईला पोचतं आणि पिशवीमागे काही रुपये वाढवून विकलं जातं. या सगळ्यात शहर महाग की स्वस्त हे कळतच नाही. ते कळतं ट्रकात न चढणाऱ्या गोष्टींत. जमीन चढत नाही, म्हणून भाडं वेगळं. न्हाव्याचा हात चढत नाही, धुणंभांडी करणाऱ्या बाईचा वेळ चढत नाही, शाळा चढत नाही, रिक्षावाल्याचा दिवस चढत नाही. पाणी तेवढं चढतं, पण पाणी टँकरमध्ये चढायची वेळ आली की समजावं, त्या भागात राहणं महाग झालं.

लोक मात्र यादी करताना बहुतेक वेळ ट्रकातल्या वस्तूंवर घालवतात. तूरडाळीचे दोन शहरांतले दर शोधतात, तेलाच्या डब्याचे शोधतात, आणि सगळ्यात मोठ्या गोष्टीसमोर कुणा मित्राने फोनवर सांगितलेला आकडा लिहून मोकळे होतात.

नागपूरला मला पहिल्या उन्हाळ्यात कळलं की हवामान हादेखील खर्च असतो. घरभाडं ऐकून मी खूश झाले होते. मग एप्रिल लागला. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आणला, कूलरला पाणी आलं, दिवसरात्र चालणारी मोटर आली, आणि मे महिन्याचं विजेचं बिल आलं. मुंबईत उलटं. भाड्याने कंबर मोडली, पण लोकलचा तिमाही पास इतका स्वस्त की दुचाकीचा विचारही मनात आला नाही. पुण्यात आल्यावर पहिल्याच महिन्यात कळलं की इथे घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाला स्वतःचं वाहन लागतं, नाहीतर दिवस हातातून जातो. मुंबईच्या पासाची खरी किंमत मात्र रेल्वेच्या खिडकीवर भरत नव्हतोच. बदलापूर, टिटवाळा, विरारकडची माणसं स्वस्त घर घेतात आणि त्याचे उरलेले पैसे रोज अडीच-तीन तास उभं राहून फेडतात. घरभाड्याच्या रकान्याशेजारी वेळेचा रकाना नसेल तर मुंबईचा हिशेब मांडताच येत नाही.

हे सगळं कुणीतरी अधिकृतपणे मोजून ठेवलं असेल, असं वाटतं. मोजतातही. कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक देशातल्या 88 केंद्रांचा निघतो, त्यात मुंबई, नागपूर, पुणे, सोलापूर ही केंद्रं आहेत. पण इथेच बहुतेकांची गल्लत होते. या मालिकेत प्रत्येक केंद्राचा 2016 सालचा खर्च 100 धरलेला आहे. म्हणजे मुंबईचेही 100 आणि सोलापूरचेही 100. पुढे एखाद्या वर्षी सोलापूरचा आकडा मुंबईपेक्षा मोठा दिसला, तर सोलापुरात महागाई जास्त वेगाने वाढली एवढंच त्यातून कळतं. सोलापूर मुंबईपेक्षा महाग झालं असा अर्थ निघत नाही. तो आकडा एका शहराची तुलना त्याच शहराच्या कालच्या दिवसाशी करतो. दोन शहरं शेजारी ठेवून बघायला तो बनवलेलाच नाही.

सरकार आपल्या माणसांना घरभाडं भत्ता देतं, तिथे तरी तुलना असेल म्हणून पाहावं, तर ती लोकसंख्येवर आहे. पन्नास लाखांवरची शहरं एक्स वर्गात, पाच लाखांवरची वाय, बाकी सगळी झेड. पुणे एक्समध्ये, कोल्हापूर वायमध्ये. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेल्यापासून मूळ पगाराच्या अनुक्रमे 30, 20 आणि 10 टक्के मिळतात. ज्याचा मूळ पगार 50,000 आहे त्याला पुण्यात 15,000 आणि कोल्हापुरात 10,000. दोन शहरांतला फरक सरकारदरबारी पाच हजारांचा. पाच हजारांत हा फरक भरून काढून दाखवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आणि आयकरातली घरभाड्याची सवलत कित्येक वर्षं मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चारच शहरांना पगाराच्या 50 टक्क्यांपर्यंत धरत आली. भत्त्यापुरतं महानगर ठरलेलं पुणे तिथे मात्र इतर गावांबरोबर 40 टक्क्यांतच बसत होतं.

सरासरीवर तर मी कधीच विसंबत नाही. 2023-24 च्या राष्ट्रीय घरखर्च पाहणीत शहरी कुटुंबाच्या खर्चातला सुमारे 40 टक्के भाग खाण्यापिण्याचा आहे आणि भाड्याचा सात टक्क्यांच्या आत. कुठल्याही भाडेकरूला विचारा, त्याला हा आकडा आपला वाटणार नाही. शहरात कितीतरी लोक स्वतःच्या घरात राहतात, त्यांचं भाडं शून्य, आणि ते शून्य सरासरीत मिसळलं की भाडेकरूचा भार कागदावरून नाहीसा होतो. गाव सोडून जाणारा माणूस बहुतेक वेळा याच रेषेवरून पलीकडे जातो. काल तो त्या शून्यातला असतो, आणि ट्रक रिकामा झाला की भाडेकरू होतो.

माझा भाचा आत्ता याच रेषेवर उभा आहे. कोल्हापुरात शिरोलीच्या एका फाउंड्रीत तो क्वालिटीला आहे. कास्टिंग तपासतो. त्याने पास केलेला माल ट्रकाने चाकणला जातो आणि गाड्यांच्या कारखान्यात बसतो. आता त्याच चाकणमधल्या एका कारखान्याने त्याला बोलावलं. हातात 36,000 पडत होते, तिथे 54,000 मिळणार. म्हणजे दीडपट.

"मावशी, जरा बघ की," म्हणत त्याने मोबाइलवरचा तक्ता पुढे केला. मोशीत एका बेडरूमचं घर, मेंटेनन्स धरून 12,000. किराणा दोन्हीकडे सारखा. कंपनीची बस आहे, त्यामुळे पेट्रोल उलट कमीच. महिन्याला सहा हजार शिल्लक पडत होते. मांडणी नीटनेटकी होती, बेरजा बरोबर होत्या. पोरगा कष्टाळू आहे, उगाच फुगवून काही लिहिणारा नाही.

मी म्हटलं, तुझ्या आईला कुठे लिहिलंयस?

त्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण. शुक्रवार पेठेतलं जुनं घर, भावजींच्या माघारी तिनेच राखलेलं. नात पहिलीत आहे. तिला शाळेत सोडणं, आणणं, दुपारी जेवू घालणं, झोपवणं आणि पाटीवर बे एके बे लिहून घेणं हे सगळं ताई करते. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून देतात, तिथून संध्याकाळी नातीला दूध पाजून आणते. यातलं काहीच त्या तक्त्यात नव्हतं, कारण यातल्या कशाचेच पैसे पडत नाहीत.

मग आम्ही दोघांनी ते मांडून बघितलं. ताई बरोबर आली तर एका बेडरूमच्या घरात भागणार नाही, दोन बेडरूमचं मोशीत 17,000. ताई कोल्हापुरातच राहिली तर नातीला शाळेची व्हॅन आणि दुपारचं पाळणाघर, तेही धरून पाचच हजार. आली तरी पाच हजार, नाही आली तरी पाच हजार. इतक्या वर्षांत ताईच्या दुपारींची किंमत कुणी काढली नव्हती. ती शहर बदलण्याच्या हिशेबात पहिल्यांदा निघाली, आणि निघाली तीही अपुरी. पाळणाघरात दूध मिळेल, पण रस्त्याने चालताना म्हशीच्या शिंगांच्या गोष्टी सांगणारी बाई त्या पाच हजारांत मिळत नाही.

बाहेर भाचेसून मशीनवर होती. ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. गल्लीतल्या आणि पलीकडच्या दोन गल्ल्यांतल्या बायका तिची गिऱ्हाइकं. बसायच्या खोलीच्या खिडकीखाली मशीन आहे. पायाशी कापडाच्या पिशव्या लावलेल्या, प्रत्येक पिशवीला सुईने टाचलेली चिठ्ठी. त्यावर नाव नाही, मापंही नाहीत. मापं तिला तोंडपाठ आहेत. चिठ्ठीवर फक्त तारीख आणि "बाही कोपरापर्यंत", "मागे दोरी नको", असं काहीतरी. लग्नसराईत ती रात्री बारापर्यंत शिवते, आषाढात हात रिकामे असतात. वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला नऊ हजार. नवऱ्याच्या तक्त्यात हे नऊ हजारही नव्हते. त्याने खर्चाची तुलना केली होती आणि तिचं येणं हा खर्च नव्हता, म्हणून ते त्याच्या डोक्यातच आलं नाही. मशीन ट्रकात चढतं. त्या तीन गल्ल्या चढत नाहीत.

सहा हजार शिल्लक दाखवणारा तक्ता आता महिन्याला आठ हजार तुटीत होता. मला त्याचं वाईट वाटलं आणि रागही आला. त्याचा नाही, या रीतीचा. बदलीचा, नव्या नोकरीचा हिशेब आपण घरातल्या एकाच माणसाच्या पगाराभोवती करतो. ज्यांना पगार नाही त्यांचं काय सुटणार हे नव्या गावी गेल्यावर, महिन्याच्या वीस तारखेला कळतं. बँकेच्या काउंटरमागे बसून मी हे किती घरांत पाहिलं! नवऱ्याची बदली, बढती, पगारवाढ, आणि दोन वर्षांनी बायकोच्या दागिन्यांवर कर्ज. बाई गावाकडे शिकवण्या घ्यायची किंवा पापड-कुरडया करून द्यायची, आणि ते बंद पडल्याची कुठे नोंदच नसायची.

यात नवं काही नाही. मुंबई सरकारचं लेबर ऑफिस 1921 साली निघालं आणि गिरणगावातल्या कामगारांच्या घरखर्चाची रीतसर पाहणी तेव्हा झाली. जी. फिंडले शिरास यांनी केलेला तो अहवाल 1923 मध्ये छापला गेला. त्यातली एक तुलना कामगार चळवळीतली माणसं पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिली: गिरणी कामगाराच्या पोटात जाणारं धान्य दुष्काळी कामाच्या नियमांत ठरलेल्या मापापर्यंत पोचत होतं, पण तुरुंगातल्या कैद्याला ठरलेल्या आहारापेक्षा कमी भरत होतं. त्या पाहणीत कुटुंबवाले वेगळे मोजले आणि सडे कामगार वेगळे. सडे म्हणजे काही बिनलग्नाचे नव्हेत. कोकणातून, घाटावरून आलेल्या कितीतरी पुरुषांची बायकामुलं गावाला होती, कारण मुंबईच्या मजुरीत एकाचं भागत होतं, घराचं भागत नव्हतं. पोस्टाने मनिऑर्डर जायची आणि शेतावरची नाचणी-तांदूळ घरातल्यांना जगवायचे. शहराने निम्म्या माणसाचा खर्च दिला, उरलेला गावाने.

त्याच गिरणगावात बायकांनी खाणावळी चालवल्या. सड्या कामगाराला गावाकडचं जेवण ट्रकात घालून आणता येत नव्हतं, ते या बायकांनी आपल्या खोलीत रांधून दिलं आणि त्यावर संसार ओढले. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खाणावळवाल्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. नोकरीत आम्हाला त्यांचा दाखला दिला जायचा. मला तो आजही पटतो, कारण त्यात दुसरी बाजू आहे. जे ट्रकात चढत नाही ते जिथे महाग, तिथे ते विकणाऱ्याला जास्त मिळतं.

हेच मी भाचेसुनेला सांगितलं. अस्तर, दोरा, हुक तुला मोशीतही त्याच भावात मिळतील. शिलाई मात्र तिथली वेगळी असणार. जा आणि विचारून ये.

रविवारी दोघं जाऊन आली. भाचा घरं बघत होता तेव्हा ती बाजारातल्या शिलाईच्या दुकानांत फिरली. अस्तराच्या साध्या ब्लाउजला ती कोल्हापुरात चारशे घेते, तिथे साडेसातशे सांगितले. म्हणजे इथे बावीस-तेवीस ब्लाउज शिवून जेवढं मिळतं तेवढं तिथे बारा ब्लाउजमध्ये. परत आली ती डोळ्यांत पाणी घेऊन नाही की खूश होऊनही नाही, विचारात पडून. म्हणाली, "मावशी, दर चांगला आहे. पण तिथं मला ओळखतंय कोण? पहिलं कापड माझ्या हातात कोण देणार?"

नवऱ्याने तोवर घरांची माहिती आणली होती, आणि तीही मित्राच्या फोनपेक्षा वेगळी निघाली. पिंपरी-चिंचवडमध्ये 2019 च्या अखेरीस एक दिवसाआड पाणी सुरू झालं ते पुढे वर्षानुवर्षं तसंच राहिलं, त्यामुळे उन्हाळ्यात सोसायटीचा टँकरचा वाटा वेगळा. चाकणच्या तळेगाव चौकात गाड्यांच्या रांगा, कंपनीची बस असली तरी जाणं-येणं मिळून अडीच तास कुठे जात नाहीत. करार अकरा महिन्यांचा. मुंबई-पुण्याकडे हे अकरा महिने इतके अंगवळणी पडलेत की कुणी कारण विचारत नाही. वर्षाच्या आतला करार नोंदवायची सक्ती जुन्या नोंदणी कायद्यात नव्हती, म्हणून ही सवय लागली. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने असा करारही नोंदवणं बंधनकारक केलं, ती जबाबदारी मालकावर टाकली, तरी अकरा महिने काही सुटले नाहीत. प्रत्येक अकराव्या महिन्याला भाडं चढणार, नाहीतर घर शोधणार. दलालाला दर वेळी एक महिन्याचं भाडं.

कोल्हापूर स्वस्त आहे म्हणून तिथेच राहा, असं मी त्याला सांगितलेलं नाही. ते खरंही नव्हतं. 2019 ला आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी चढलं तेव्हा याच घरातून सामान माळ्यावर चढवताना आम्ही सगळी होतो, आणि त्या आठवड्यांचा खर्चही कुठल्याच तक्त्यात नसतो. फाउंड्रीत त्याला पुढे जायला जागा उरलेली नाही. पस्तिशीच्या आत गेला तर जाईल. शिवाय त्याने तपासलेलं लोखंड चाकणला पोचून दीडपट भावाच्या हातांत जातं, आणि त्याचे स्वतःचे हात मात्र शिरोलीच्या दरात राहतात, हे त्याला रोज दिसतं. मला त्याचं जाणं पटतं. मला फक्त वाटतं की जायचं ते सगळ्या घराचा हिशेब मांडून जावं.

तेव्हा तक्ता पुन्हा केला, आणि या वेळी तो भाचेसुनेने वहीत स्वतःच्या हाताने लिहिला. महिन्याचा नाही, पहिल्या वर्षाचा. दोन बेडरूमचं घर, ताई बरोबर. दलालाचे सतरा हजार, ट्रकचे पंधरा, तिची शिलाई सहा महिने बंद धरून चोपन्न. डिपॉझिट वेगळं लिहिलं, कारण ते परत मिळायचं असतं. पण पन्नास हजार अडकून पडणार हे खालच्या ओळीत नोंदवलं. एकदाच होणारा खर्च शहाऐंशी हजार. हा आकडा समोर आल्यावर नवऱ्याच्या लक्षात आलं की कंपनीकडे मागायचं आहे ते हे. पगारावर घासाघीस करण्यापेक्षा स्थलांतराची एकरकमी मदत मागणं सोपं, कारण ती कंपनीला एकदाच द्यायची असते. शाळेचं वर्ष संपेपर्यंत, एप्रिलपर्यंत, रुजू व्हायला मुदतही त्याने मागितली आहे. नाही मिळाली तर तो भोसरीत दोघांबरोबर खोली घेऊन आधी एकटा जाईल आणि शनिवारी रात्रीच्या बसने येईल. ताईला हे एकटं जाणं मुळीच नको आहे. तिच्या सासऱ्यांनी परळच्या गाळ्यात असेच दिवस काढले होते.

कंपनीचं उत्तर यायचं आहे. भाचेसून मात्र थांबलेली नाही. तीन गल्ल्यांतल्या कुणाकुणाच्या लेकी पुण्याकडे दिल्यात याची तिने चौकशी सुरू केली आणि चार फोन नंबर मिळवले. त्यातली एक मोशीतच राहते, तिची मापं हिला लहानपणापासून ठाऊक आहेत, आणि मे महिन्यात तिच्या नणंदेचं लग्न आहे.